आक्कांच्या सुरीची नवी मूठ

सुरी सापडली तेव्हा मी सोप्यात शेंगा फोडत बसले होते. फोडत म्हणजे काय, चार फोडायच्या आणि दोन तोंडात टाकायच्या. नातीचं लग्न ठरलंय म्हणून घराला रंग द्यायचा, रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करायचा, आणि त्यासाठी आमच्या सुनंदेला शिडीवर चढवून मी खालून हुकूम सोडायचे, अशी वाटणी झाली होती. सुनंदा माझी सून. स्वभावानं गरीब, पण घर आवरायला लागली की तिला मीसुद्धा भंगारात टाकण्याजोगी दिसते.

"आई, हे बघा काय हाय. गंजलेलं लोखंड, फडक्यात गुंडाळलंय. टाकू काय?"

तिनं वरूनच पुडकं माझ्या ओटीत सोडलं. फडकं जांभळं, काठ पिवळा. उलगडलं तर आतून खळीचा वास आला. खळ म्हणजे सुताला ताठ करायला लावायची पेज. इतक्या वर्षांनी खरा वास कुठला राहणार, पण माझ्या नाकाला आला, त्याला मी काय करू? आत वीतभर पातं होतं आणि त्याच्या शेपटीला लाकडाचा एक तुकडा कसाबसा धरून होता. मूठ भुंग्यानं पोखरली होती. हात लावल्याबरोबर पिवळं पीठ भुरुभुरु शेंगांवर सांडलं.

"टाकायचं न्हाय," मी म्हटलं.

"काय करणार त्याचं?"

"शेंगा निवडून घेते आधी," मी म्हटलं. पुडकं मात्र मांडीखाली सरकवलं.

ती सुरी माझ्या सासूबाईंची, आक्कांची. आणि ती माळ्यावर गेली होती माझ्यामुळे.

मी मूळची निपाणीची. आमचं घर तंबाखूच्या वखारीला लागून. सुगीच्या दिवसांत वाळलेल्या पानांचा तो गोडसर, नाकात चढणारा वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा यायचा. शाळेत बाहेरगावची बाई नवी आली की पहिला आठवडा नुसती शिंकायची आणि आम्ही पोरी पाटीआड हसायचो. मी सातवी पास. कोल्हापूरला जाणाऱ्या एसट्या रोज बघितलेल्या. तेवढ्यावर मला वाटायचं की जग आपण पाहिलंय, आता जगानं आपल्याला पाहायचं तेवढं राहिलंय. अशी ती दोन वेण्यांची, चोंबडी, आपल्या शहाणपणावर खूश असलेली पोर लग्न होऊन बेळगावला वडगावात आली, विणकरांच्या गल्लीत.

इथं पहाट व्हायची ती ताण्यानं. अख्ख्या गल्लीच्या लांबीवर रंगीत सूत ताणलेलं, दोन्ही बाजूंनी माणसं, हातात खळीचे कुंचे. उन्हं वर यायच्या आत काम उरकायचं. पावसाळ्यात तर आभाळाकडे बघत बघत. मग दिवसभर प्रत्येक घरातून मागाचा खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌. पहिले आठ दिवस माझं डोकं उठलं. नवव्या दिवशी सणामुळं सगळे माग बंद होते, तर मला दुपारी झोप येईना. त्या आवाजाला आतून आंबट खळीचा, ओल्या रंगाचा आणि चुलीच्या धुराचा वास चिकटलेला असायचा. आज आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत. त्यांचा आवाज मोठा आहे, पण त्याला वास नाही.

आक्का बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. घरात भाजी चिरायला विळी होती, ती सगळ्यांची. ही सुरी मात्र फक्त आक्कांची. तिनं त्या एकच काम करायच्या, सुक्या खोबऱ्याचे काप. मसाल्यासाठी खोबरं भाजायचं असलं की वाटी, सुरी आणि ताटली घेऊन स्वैपाकघराच्या कोपऱ्यात जायच्या आणि सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आणि काप कसे? कागदासारखे. उजेडाला धरले तर पलीकडची बोटं दिसावीत. तव्यावर टाकले की क्षणात कडेनं तांबूस व्हायचे, आणि तो वास थेट मागाच्या खड्ड्यात बसलेल्या मामंजींपर्यंत जायचा. खट्‌-खट्‌ थांबायची. "आज काय बेत हाय?" असा आवाज यायचा.

त्या निपाणीच्या पोरीला यात काय दिसलं असेल? तिला दिसली चोरी. सासू भिंतीकडे तोंड करून बसते म्हणजे नक्की खोबरं खाते! मला तर चोरून खाण्याचा चांगला अनुभव, त्यामुळे पाठ बघून ओळखलंच मी. मग सुरू झाली आमची पाळत. मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या, वाजू नयेत म्हणून. पावलं मोजून टाकायची. एकदा तर पाण्याच्या हंड्यामागे बसले आणि तिथं मुंगळा चावला, तरी ओठ दाबून बसले. काय ती निष्ठा! एवढं मन लावून मी शाळेत बसले असते तर आज मामलेदार झाले असते.

चौथ्या का पाचव्या वेळी दिसलं. आक्का काही खात नव्हत्या. त्यांच्या डाव्या हातात सुरी होती.

एरवी त्यांचं सगळं उजव्या हातानं. जेवण, कुंकू लावणं, देवाची फुलं वाहणं, वाढणं, सगळंच. लहानपणी माहेरी डावा हात पाठीमागं बांधून ठेवायचे, हे मला पुष्कळ वर्षांनी शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. तेव्हा मला काय ठाऊक? मला एवढंच वाटलं की, अरे वा, आपल्याला एक गंमत कळली. आणि ती मी कित्येक महिने चिंचेच्या गोळीसारखी गालात धरून ठेवली.

पण आधी आत्ताचं सांगते, नाहीतर शेंगांसारखं होईल, टरफलं एकीकडे न् दाणे भलतीकडे.

आमच्या घरची एक चाल आहे. नव्या ताण्यावरची पहिली साडी देवीची, आणि ती मागावरून कापायची ती घरातल्या बाईनं, चार बायकांना बोलावून. दोन साड्यांच्या मध्ये वीतभर सुटे धागे सोडलेले असतात. तिथं कापायचं. त्याच धाग्यांच्या पुढं पदराच्या दशा होतात. काप सरळ गेला तर दशा सारख्या, वाकडा गेला तर जन्मभर वाकड्या. घरच्या मुलीचं लग्न असलं की तिची साडी तिनं स्वतः कापायची. आता आमच्या तेजूची साडी विणून तयार होती. तेजू माझी नात, शहरात बँकेत आहे. त्या रविवारी साडी कापायची होती, आणि तिच्या सासरच्या बायका खानापूरहून येणार होत्या.

आणि तेजू डावरी आहे. चांगली ठसठशीत डावरी. लिहिते डाव्या हातानं, लाटते डाव्या हातानं, गाडीवर बसून हात हलवते तोही डावा. लहानपणी कुणी काही बोललं नाही. पण लग्न ठरलं आणि सुनंदेला काळजी लागली.

"तेजू, रविवारी उजव्या हातानं काप हं. लई जुन्या वळणाची माणसं हाईत ती. एकदाच तर करायचंय."

"मम्मी, मला जमतच न्हाय उजव्या हातानं."

"मग चार दिवस सवय कर की. जुन्या पेपरवर कर."

मी बघितलं, दुपारी पोरगी खरंच खोलीत जुनी वर्तमानपत्रं घेऊन बसली होती. दाराकडे पाठ. भिंतीकडे तोंड. मी दारातूनच मागे फिरले.

त्याच संध्याकाळी मी सुरी चिंचेच्या पाण्यात टाकली. रात्रभर गंज सुटला. सकाळी राख आणि नारळाचा काथ्या घेऊन घासत बसले. पाणी आधी तांबडं, मग करडं. हळूहळू पात्याच्या पाठीवर लोहाराच्या हातोडीच्या बारक्या खुणा दिसायला लागल्या. मग ते पातं आणि एक जुना दांडा पिशवीत घालून मी शहापुरात बसप्पा सुताराकडे गेले. दांडा होता मामंजींच्या हातमागाचा, विणताना दर धाग्याला पुढं ओढायचा तो. शिसवाचा. माग मोडला तेव्हा तेवढा मी ठेवून घेतला होता. मधोमध मामंजींच्या तळव्यानं तो असा गुळगुळीत झालाय की पॉलिशवाल्यानं लाजावं.

बसप्पाची बोली घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी आमची, फक्त 'काय हो'ला तो 'येन्री' म्हणतो. "येन्री अज्जी, यवढ्या मोठ्या दांड्याची यवढीशी मूठ?"

"उरलेल्याचं लाटणं कर. पण मूठ मधल्या भागाची पाहिजे."

त्यानं पातं हातात घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं, धारेवरून अंगठा फिरवला. मग जुन्या मुठीचा तो पोखरलेला तुकडा उलटा-सुलटा करून बघितला.

"अज्जी, हे डावऱ्या माणसाचं हाय. धार एकाच बाजूनं घासलीया, अन् ती तिकडनं. अंगठ्याचा खळगा बी हिकडं पडलाय बघा. नवी मूठ कुठल्या हाताची करू? उजव्याची करायची तर धार बी फिरवून देतो."

मी दांडा उगाच पिशवीत घातला आणि परत काढला.

"न्हायतर सरळ गोल करतो," बसप्पा म्हणाला. "दोन्ही हातास्नी चालती."

"उद्या सांगते," म्हणून मी उठले.

घरी येऊन पायरीवर बसले आणि तो दिवस आठवला. आठवला असं म्हणायचं आपलं. तो कधी गेलाच नव्हता.

माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. नवा ताणा, जांभळी साडी, पिवळा काठ. मागाला झेंडूची माळ. उदबत्तीचा धूर, खळीचा वास आणि बायकांच्या डोक्यातली अबोली. सगळ्यांच्या पुढं आत्याबाई बसल्या होत्या. मामंजींच्या थोरल्या बहीण. त्यांनी नुसतं बघितलं तरी दुधाला विरजण लागायचं. आक्कांनी सुरीला हळद-कुंकू वाहिलं आणि उजव्या हातात घेतली. कापायला लागल्या. सुरी धाग्यांवरून सरकत, अडत, तिरकी चालली होती. चार बोटं काप गेला असेल. मामंजी हळूच म्हणाले, "दर वर्साला वाकडीच जाती बघ."

आणि मग मी, सातवी पास, कोल्हापूरच्या एसट्या बघितलेली मी, मदतीला धावले.

"आक्का, डाव्या हातानं कापा की! खोबरं कापताना कसं कागदावानी कापता!"

मोठ्यानं. उत्साहानं. वर हसतसुद्धा होते. मला वाटलं, आता सगळे म्हणतील, सूनबाई किती हुशार.

आत्याबाईंनी मान वळवली. आधी आक्कांकडे बघितलं, मग हळूहळू माझ्याकडे. "देवीची साडी... डाव्या हातानं?" असं म्हणून त्यांनी पुढचं बोलायला श्वास घेतला. तो श्वास माझ्यासाठी होता. माझं माहेर, माझी आई, माझी सातवी, सगळं त्यात येणार होतं.

त्या आधीच आक्का बोलल्या. अगदी साध्या आवाजात. "पोरी, दूध उतू गेल्याचा वास येतोय बघ. पळ, पळ लवकर."

मी पळाले. चुलीवर काहीच नव्हतं. चूल थंड होती. बराच वेळ मी तिथं उभी राहून रिकाम्या चुलीकडे बघत होते, आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, बिचाऱ्या आक्का, वय झालं, नाक काम देत नाही. परत आले तोवर साडी कापून झाली होती. आत्याबाईंनी कात्रीनं कापली होती. सुरी आक्कांच्या मांडीवर होती. आणि मी परत शहाणपणानं म्हटलं, "आक्का, दूध न्हवतंच की चुलीवर."

"व्हय काय?" आक्का म्हणाल्या. "मग मला कशाचा वास आला कुणास ठाऊक."

त्या दिवसानंतर आक्कांनी सुरी धरली नाही. साडीच्या कापलेल्या चिंधीत गुंडाळून ती वर गेली. पुढच्या वर्षापासून देवीची साडी कात्रीनं कापली जाऊ लागली, आणि खोबरं विळीवर. विळीवरचे काप जाडे. भाजले तर बाहेरून काळे, आतून पांढरे. मसाल्याची चव बदलली. मामंजींनी मागावरून बेत विचारणं सोडलं. कोपऱ्यातली ती भिंत मोकळी पडली. मला कुणीच रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते आणि विषय संपला असता.

पुढं माझं डोकं जागेवर आलं, पोरं झाली, जीभ थोडी आखडली. माफी मागायचं हजार वेळा मनात आलं. पण कशाची मागणार? दूध उतू गेल्याची? शेवटच्या आजारात एकदा मी त्यांना पेजेची वाटी दिली. चमचा त्यांनी डाव्या हातात घेतला, तोंडापर्यंत नेला, मग दचकून उजव्या हातात घेतला. मी खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे बघत असल्याचं दाखवलं. सगळ्या जन्मात तेवढंच एक शहाणपण.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसप्पाचं दुकान उघडायच्या आधी मी त्याच्या पायरीवर हजर.

"डाव्याची कर," मी म्हटलं. "चांगली पक्की डावी. उजव्या हातात बसायला नको."

"गोल केली तर सोप्पं जाईल वं अज्जी..."

"गोल मूठ म्हणजे कुणाचीच न्हाय. आन् धार हाय तिकडनंच लाव."

तो हसला आणि कामाला लागला. मी स्टूल घेऊन बघत बसले. शिसवाचा तुकडा कापला तेव्हा भुसा आधी तपकिरी, मग आतून जांभळट निघाला. रंध्यानं घडायला लागला तसा गोडूस, थोडा तंबाखूसारखा वास यायला लागला. मला क्षणभर निपाणीची वखार आठवली, आणि दोन वेण्या. भोक पाडून त्यानं पात्याची शेपटी भट्टीत लाल केली आणि मुठीत दाबली. चर्रकन धूर निघाला. मग वितळलेली लाख ओतली, दोन पितळी खिळे ठोकले. काचपेपरनं घासताना तो दर थोड्या वेळानं मला म्हणायचा, "हात द्या." मी उजवा हात पुढं करायची. "तो न्हाय वं," म्हणायचा. शेवटी जवसाचं तेल पाजलं तेव्हा लाकडातल्या काळ्या रेघा अशा वर आल्या, जणू कुणी आतून ताणा लावलाय.

घरी आणून तेजूच्या हातात दिली. तिनं नकळत डाव्या हातात घेतली. बोटं मिटली. अंगठा बरोबर खळग्यात.

"आज्जी! ही माझ्याच मापाची हाय की!"

"उजव्यात धरून बघ."

तिनं धरली. मूठ तळव्यात टोचली, सुरी बाजूला कलली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हसायला लागली. "आज्जी, तू मुद्दाम केलंस. मम्मी काय म्हणंल?"

"तुझ्या मम्मीचं मी बघते. ते पेपर मात्र मला परत आण, कोडं राहिलंय त्यातलं."

रविवारी खानापूरच्या बायका आल्या. तेजूच्या होणाऱ्या सासूबाई उंच, गंभीर, भाताच्या शेतात उन्हानं तापलेला चेहरा. बेळगावचा गोड कुंदा झाला, चहा झाला. मागच्या खोलीतले दोन्ही लूम बंद केले तेव्हा कानात एकदम पोकळी झाली. मी सुरीला हळद-कुंकू वाहिलं, पाटावर ठेवली, आणि तेजूला म्हटलं, "घे गं."

तिनं डाव्या हातानं उचलली.

सुनंदेचा रंगच उडाला. बिचारी इतके दिवस पोटात धरून बसलेली काळजी एकदम तोंडातून बाहेर पडली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "अगं तेजू, डावा न्हाय! उजव्या हातानं, उजव्या हातानं काप!"

खानापूरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती लाल झाली, डोळ्यांत पाणी. अगदी तेव्हाच्या माझ्यासारखी उभी होती. मदतीला धावलेली.

"सुनंदा," मी म्हटलं, साध्या आवाजात, "दूध उतू गेल्याचा वास येतोय बघ. पळ, पळ लवकर."

ती पळाली. तेजूनं सुरी धाग्यांवर ठेवली आणि ओढली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, न अडता, न कलता. धागे कापले जाताना असा बारीक आवाज झाला, जसं कुणी कानाशी हळूच काही सांगावं. तेजूच्या होणाऱ्या सासूबाई पुढं वाकल्या. दशांवरून बोट फिरवत गेल्या, शेवटपर्यंत.

"सरळ आलीया की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं भातकापणीचा इळा बी असाच सरळ चालवायला शिकव पोरी. माझा तर वाकडाच जातो."

बायका हसल्या. तेवढ्यात सुनंदा स्वैपाकघरातून आली, पदरानं डोळे पुसत, गोंधळलेली.

"आई, गॅसवर दूध न्हवतंच की."

"व्हय काय?" मी म्हटलं. "मग मला कशाचा वास आला कुणास ठाऊक."